पाणी देते, सकाळी फोन करते

आषाढातल्या त्या रात्री सव्वाअकराला फोन वाजला तेव्हा मी ओटा पुसून, दूध विरजून दिवा मालवण्याच्या बेतात होते. राजापूर तालुक्यातल्या एका वृद्धाश्रमात माझी आत्या गेली तीन वर्षे राहते, आणि त्या आश्रमाचा क्रमांक रात्री दहानंतर फोनवर दिसला की काळजाचा ठोका चुकतो. सिस्टर बोलत होत्या. मागे पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचा आवाज एवढा मोठा होता की त्यांना प्रत्येक वाक्य दोनदा सांगावे लागत होते. आजी संध्याकाळपासून थोड्या बरळत आहेत, त्या म्हणाल्या. गंगा आली आहे, कळशी द्या, भाऊ खाली गाडी घेऊन थांबला आहे, असे म्हणून दोनदा पलंगावरून उतरल्या. (राजापुरात अधूनमधून जमिनीतून प्रकटणाऱ्या झऱ्यांना गंगा म्हणतात.) लघवीचा रंग गडद आहे आणि तिला वास येतो आहे. ताप नाही, थंडी वाजत नाही, जळजळ होते का विचारले तर नाही म्हणतात. डॉक्टरांशी बोलणे झाले आहे. मी म्हणाले, ‘म्हणजे पुन्हा लघवीचं इन्फेक्शन. अँटिबायोटिक सुरू करा ना लगेच.’ पलीकडे क्षणभर नुसता पाऊस ऐकू आला. मग सिस्टर शांतपणे म्हणाल्या, ‘आज गोळी नको, ताई. मी पाणी देते, लक्ष ठेवते, सकाळी फोन करते.’

मला राग आला.

राग यावा असे त्या वाक्यात काही नव्हते, हे आता कळते. त्या रात्री मात्र ‘पाणी देते’ हे शब्द मला निव्वळ टाळाटाळीचे वाटले. आपले माणूस साडेतीनशे किलोमीटरवर, मुसळधार पावसात, पलंगावरून उतरून कळशी शोधते आहे, आणि आपल्याला सांगितले जाते आहे की त्याला पाणी पाजू. मी बोलून गेले, दर महिन्याला पैसे भरतो ते काय पाणी पाजायला? सिस्टरांनी त्यावर उत्तर दिले नाही. ‘ठेवते ताई’ एवढेच म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी अंथरुणावर पडून पंख्याकडे बघत राहिले. गोळी या शब्दात जी ताबडतोब सुटका असते, ती त्यांच्या वाक्यात कुठेच सापडत नव्हती. गोळी दिली असे त्या म्हणाल्या असत्या तर मी कूस बदलून झोपले असते, हे मला त्या वेळीही ठाऊक होते, आणि तेच बहुधा टोचत होते.

कारण हे सगळे गेल्या वर्षी एकदा होऊन गेलेले होते, आणि त्या खेपेला माझे म्हणणे मान्य झाले होते. श्रावणात आत्या अशीच असंबद्ध बोलू लागली. तेव्हा आश्रमात दुसऱ्या सिस्टर होत्या. लघवी तपासायला पाठवली गेली, कल्चरमध्ये जंतू वाढले, आणि मी डॉक्टरांना फोनवर गाठले. डॉक्टर आश्रमात आठवड्यातून दोनदा येतात, एरवी त्यांचा स्वतःचा दवाखाना असतो; बाहेर बाकावर रुग्ण खोळंबलेले असताना माझ्याशी वाद घालायला त्यांना सवड नव्हती. ‘जंतू आहेत, पण आजार आहे असं मला वाटत नाही, दोन दिवस बघूया,’ असे ते म्हणाले. ‘रिपोर्टात आलंय ना, मग बघायचं काय राहिलं?’ असे मी म्हणाले. माझ्या आवाजात काय होते कोण जाणे, त्यांनी सिप्रोफ्लॉक्सॅसिन लिहून दिले. त्या रात्री मी समाधानाने झोपले. तिसऱ्या दिवशी आत्याला जुलाब सुरू झाले आणि तिचे जेवण सुटले. मधुमेहासाठी ती ग्लिमेपिराइड घेते. ती गोळी चालूच होती. चौथ्या दिवशी पहाटे ती न्हाणीघराच्या उंबऱ्याशी बसलेली सापडली, अंगावरचे लुगडे घामाने चिंब आणि हात गार. साखर ४८. हाड मोडले नाही, एवढेच नशीब.

या जातीची प्रतिजैविके मधुमेहाच्या अशा गोळ्यांबरोबर घेतली तर रक्तातली साखर एकाएकी खाली येऊ शकते, म्हाताऱ्या माणसांत विशेष, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये त्याबद्दलचा इशारा अधिक कडक केला, हे मी पुढे वाचले. त्याच इशाऱ्यात गोंधळलेपण आणि भ्रम यांचाही उल्लेख आहे. म्हणजे ज्या तक्रारीसाठी मी गोळी मागितली, तीच तक्रार त्या गोळीने वाढू शकत होती. आत्याचे बरळणे आठवड्याभराने थांबले. ते गोळीने थांबले, की गोळी बंद झाल्याने थांबले, की आपसूकच थांबायचे होते, हे कोणालाही सांगता आले नसते. तरी नातेवाइकांना सांगताना माझे वाक्य ठरलेले होते: इन्फेक्शन झाले होते, अँटिबायोटिकने उतरले. न्हाणीघरातली पहाट मी वेगळी सांगत असे, जणू ती दुसऱ्याच कोणाची हकिकत होती. बरे वाटले की श्रेय गोळीला आणि बिघडले की दोष वयाला, अशी आमची वाटणी होती.

आत्याचा आणि गोळ्यांचा संबंध तसा जुना आहे. गावच्या घरात माजघराच्या फळीवर हिंगाचा एक रिकामा डबा असे आणि त्यात उरल्यासुरल्या गोळ्या साठवलेल्या असत. डॉक्टरांकडून आणलेल्या पाच दिवसांच्या औषधातले दोन दिवसांचे घेऊन ताप उतरला की उरलेले डब्यात जाई, कारण पैसे मोजून आणलेली वस्तू टाकून देण्याची त्या घरात रीत नव्हती. डबा उघडला की हिंगाचा आणि खडूसारखा कडवट असा मिश्र वास येई; आजही एखाद्या औषधाच्या दुकानात त्या वासाची झुळूक आली की मला माजघरातला काळोख दिसतो. डब्याची मालकीण आत्या. घसा धरला, दाढ ठणकली, गवत कापताना विळा लागला, की ती बोटाने गोळ्या चाळवून एखादी दुरंगी कॅप्सूल वर काढी. जखम असेल तर कॅप्सूल दोन बोटांत फिरवून उघडी आणि आतली पिवळी पूड हळदीसारखी जखमेवर दाबी. एका वर्षी कोंबड्यांवर मानमोडी आली तेव्हा तिने तीच पूड भातात कालवून खुराड्यात ठेवली. मानमोडी विषाणूने होते, तिला कॅप्सूल काय करणार? चौदापैकी अकरा कोंबड्या गेल्या, आणि राहिलेल्या तिघी औषधाने वाचल्या असे आत्याने वाडीभर सांगितले. ही गोष्ट मी किती जणांना हसत सांगितली असेल. श्रावणात डॉक्टरांशी फोनवर बोलताना मी काय वेगळे करत होते, हा प्रश्न मात्र मला हसताना कधी पडला नाही.

हिंगाचा डबा गेला, पण त्याची सवय बाजारपेठेत पसरली. काउंटरवर हात टेकून ‘जरा स्ट्राँग द्या, उद्या कामावर जायचंय’ असे म्हटले की पट्टी कापून मिळते. पट्टीवर लाल रेघ असते. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय औषध देऊ नये यासाठी असते. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या, औषध नियमांतल्या एच-१ परिशिष्टाप्रमाणे तर काही प्रतिजैविके विकताना दुकानदाराने रुग्णाचे आणि डॉक्टरांचे नाव वेगळ्या वहीत टिपून ती वही तीन वर्षे जपून ठेवायची असते. ती वही मी कधी पाहिलेली नाही, आणि कधी मागितलेलीही नाही. घसा दुखतो म्हणून अझिथ्रोमायसिनची तीन गोळ्यांची पट्टी चिठ्ठीशिवाय मी स्वतःच अनेकदा घेतली आहे. दुकानदाराला नावे ठेवण्याचा अधिकार मला कितपत आहे, याची शंका येते.

सकाळी साडेसहाला सिस्टरांचा फोन आला. रात्र बरी गेली, आजी झोपल्या आहेत, चहाला उठवते. मी ‘बरं’ म्हणाले. ‘आभारी आहे’ असे म्हणायला हवे होते, ते जिभेवर आले नाही. शुक्रवारी रात्री ठाण्याहून तुतारी पकडली.

पावसाळ्यात राजापूर रोडला उतरले की आधी वास भेटतो: ओला जांभा, कुजलेली पाने, कुठेतरी चुलीत न पेटणारे लाकूड. रिक्षाने आश्रमापर्यंत जाईतो माझी ओढणी निथळत होती. आश्रम म्हणजे एका जुन्या चिरेबंदी घराला मागे दोन दालने जोडलेली आहेत. पायऱ्यांवर शेवाळ धरू नये म्हणून पोती अंथरलेली, पडवीत दोरीवर वाळत न वाळणारी पातळे, आणि आत फिनेल, खोबरेल आणि उकड्या तांदळाच्या पेजेचा एकत्र वास. आत्या खिडकीजवळच्या खाटेवर बसून फणसाच्या आठळ्या सोलत होती. ‘काय गो, एवढ्या पावसात आलीस?’ म्हणाली. गंगेचा विषय तिने काढला नाही, मीही काढला नाही. मला तिचे हात बघायचे होते. नखे कापलेली, बोटांना आठळ्यांचा चीक, कातडी कोरडी नव्हती. तिच्या उशाशी पाण्याची एक लिटरची साधी प्लॅस्टिकची बाटली होती आणि तिच्यावर नेलपॉलिशने चार लाल रेघा ओढलेल्या होत्या. पहिल्या रेघेशी ‘न्याहारी’, दुसरीशी ‘जेवण’, तिसरीशी ‘चहा’, चौथीशी ‘दिवेलागण’. प्रत्येक खाटेशी अशी बाटली होती. सिस्टर म्हणाल्या, ‘या सगळ्यांचा एकच नेम असतो, ताई. रात्री उठायला लागू नये म्हणून दुपारी चारनंतर पाण्याला शिवायचं नाही. पावसाळ्यात तर तहानच लागत नाही म्हणतात. घाम मात्र येतच असतो.’ मला आठवले की आत्या ठाण्याला आमच्याकडे असतानाही चारचा चहा झाला की तांब्या दूर सरकवत असे, आणि मला ते तिचे वळण वाटत असे.

सिस्टरांच्या खोलीत भिंतीवर दिनदर्शिकेचे एक उलटे पान चिकटवलेले होते. लघवीच्या संसर्गाच्या संशयावरून प्रतिजैविक कधी सुरू करायचे, याच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या खुणा त्यावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून घेतल्या होत्या. लघवीची नळी नसलेल्यांसाठी: लघवी करताना नव्याने जळजळ, किंवा १०० अंश फॅरनहाइटच्या वर ताप, अथवा नेहमीपेक्षा दीड अंश सेल्सिअस जास्त, आणि त्याबरोबर ओटीपोटात दुखणे, लघवीत रक्त, नव्याने वारंवार किंवा घाईची लघवी, नव्याने कपड्यात होणे, कमरेवर पाठीच्या बाजूला दुखणे, यांपैकी निदान एक. नळी असलेल्यांसाठी: ताप, थंडी भरून थरथर, पाठीच्या बाजूचे नवे दुखणे किंवा नव्याने आलेला भ्रम, यांपैकी एक. मी ते पान दोनदा वाचले. वास हा शब्द त्यात नव्हता, रंग नव्हता, आणि बरळणे नळी नसलेल्यांच्या बाजूला नव्हते. माझ्या गेल्या वर्षीच्या फोनमधले एकही कारण त्या पानावर बसत नव्हते.

डॉक्टर त्या दिवशी यायचे होते आणि आलेही, रेनकोट झटकत. पडवीत कोरा चहा घेताना मी श्रावणातल्या फोनबद्दल माफी मागितली तेव्हा ते हसले, आणि मग या विषयावर बराच वेळ बोलले. एरवी त्यांना बोलायला कोणी थांबत नसावे. वय झाले की मूत्राशयात जंतू वस्तीला येतात आणि कोणाला काही त्रास न देता राहतात, असे ते म्हणाले. दीर्घ मुक्कामाच्या शुश्रूषागृहांतल्या २५ ते ५० टक्के स्त्रियांच्या आणि १५ ते ४० टक्के पुरुषांच्या लघवीत कसलाही त्रास नसताना जंतू सापडतात. कायम नळी असलेल्यांपैकी तर जवळपास प्रत्येकाच्या. ‘म्हणजे आत्ता, या घटकेला, आत बसलेल्या सगळ्या आज्यांची लघवी तपासायला पाठवली, तर निम्म्यांचा रिपोर्ट तुम्हांला घाबरवील. आणि त्या आठळ्या सोलतायत.’ हे जंतू मारले तर फायदा होत नाही. थोड्या दिवसांनी दुसरे येतात आणि ते आधीच्यांपेक्षा हट्टी असतात. अशा माणसाला भ्रम झाला, पण ताप किंवा लघवीचा त्रास नसला, तर प्रतिजैविक देण्याऐवजी दुसरी कारणे शोधावीत आणि नीट लक्ष ठेवावे, असे संसर्गरोगतज्ज्ञांच्या अमेरिकन संस्थेने २०१९ मध्ये लेखी सांगितले आहे. सिस्टरांचे ‘लक्ष ठेवते’ हे वाक्य मला तिथे, छापील रूपात, पुन्हा भेटले.

आपल्याकडे नर्सिंग होम म्हटले की डॉक्टर पती-पत्नीचे दहा खाटांचे रुग्णालय डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत आणि कॅनडात हा शब्द वृद्धांच्या कायम मुक्कामाच्या शुश्रूषागृहासाठी वापरतात, आणि डॉक्टरांनी ज्यांचा उल्लेख केला ती मोजमापे तिथली आहेत. भिंतीवरचे पान ज्या खुणांवर बेतलेले आहे त्या २००१ मध्ये तज्ज्ञांच्या एका बैठकीतून ठरल्या. मार्क लोब या कॅनडातल्या संसर्गतज्ज्ञाच्या नावाने त्या ओळखल्या जातात. पुढे ऑन्टॅरिओ आणि आयडाहो इथल्या २४ शुश्रूषागृहांत त्यांची परीक्षा झाली. जिथे परिचारिकांनी आणि डॉक्टरांनी या खुणा पाहून निर्णय घेतले, तिथे लघवीच्या संसर्गाच्या संशयावरून दिलेल्या प्रतिजैविकांचे प्रमाण रहिवाशांच्या दर १,००० दिवसांमागे १.१७ पडले, इतरत्र १.५९. गोळ्या कमी झाल्या म्हणून रुग्णालयात जाणारे किंवा दगावणारे वाढले नाहीत. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१५ मध्ये शुश्रूषागृहांसाठी मार्गदर्शन काढले तेव्हा नोंदवले होते की तिथल्या ७० टक्क्यांपर्यंत रहिवाशांना वर्षभरात निदान एकदा प्रतिजैविक मिळते आणि त्यांतली ४० ते ७५ टक्के अनावश्यक किंवा चुकीची असू शकतात. २०१७ च्या नोव्हेंबरपासून तिथल्या सरकारी निधी घेणाऱ्या शुश्रूषागृहांना प्रतिजैविकांच्या वापरावर देखरेख ठेवणे बंधनकारक झाले. आमच्या आश्रमात देखरेखीला समिती नाही. दिनदर्शिकेचे एक पान आहे, शंभर पानी वही आहे आणि एक सिस्टर आहेत.

रात्री अठ्ठावीस माणसांमागे त्या एकट्या, जोडीला दोन मावश्या. हे मी मुद्दाम लिहिते, कारण गोळी न देणे म्हणजे काही न करणे, असे मला त्या रात्री वाटले होते. गोळी द्यायला एक मिनिट लागते. डबीतून काढली, तळहातावर ठेवली, वर घोटभर पाणी. न द्यायची ठरवली की दर तासाला उठायचे, हात लावून बघायचे, ताप मोजायचा, अर्धा अर्धा पेला पाणी पाजायचे, भांडे द्यायचे, भांड्यात किती झाली ते बघायचे, पोट चाचपायचे, कालपासून काय नवीन घेतले ते विचारायचे, आणि हे सगळे करत असताना माझ्यासारखीचा फोन घ्यायचा. डॉक्टरांचेही तेच. लिहून द्यायला अर्धे मिनिट आणि न लिहिता समजावायला वीस मिनिटे, असे ते म्हणाले, आणि एवढे समजावून त्याच आठवड्यात काही बरेवाईट झाले तर मुंबईहून येणारा मुलगा पहिला प्रश्न कोणता विचारणार, हे त्यांना पाठ आहे. त्या मुलाला मी ओळखते. तो मीच आहे.

आत्याला मूल नाही. आई गेल्यावर दहावीपर्यंत मला तिने वाढवले. गुडघे गेल्यावर ती ठाण्याला आमच्याकडे आली, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, लिफ्ट नसलेल्या इमारतीत, दिवसभर कोणी घरी नसताना, दीड वर्षात आम्हा सगळ्यांचा निभाव लागेनासा झाला. आश्रम तिनेच सुचवला, ‘निदान पाऊस तरी ओळखीचा पडेल’ असे म्हणून. कारणे सगळी खरी आहेत आणि मी ती कोणापुढेही मांडू शकते. तरीही दर वेळी आश्रमाचा फोन आला की मला काहीतरी करून दाखवायचे असते. साडेतीनशे किलोमीटरवरून पाणी पाजता येत नाही, पाठ चोळता येत नाही. गोळी सुरू करायला मात्र सांगता येते. श्रावणातली ती सिप्रोफ्लॉक्सॅसिन आत्याच्या मूत्राशयासाठी कमी आणि माझ्यासाठी जास्त होती. मी काळजी घेतली याची ती पावती होती, आणि ती फाडली गेली आत्याच्या अंगावर.

शेवटच्या खोलीत एक आजोबा आहेत, त्यांना दोन वर्षांपासून लघवीची नळी आहे. त्या दिवशी ते ठणठणीत होते, रेडिओ कानाशी धरून बसले होते. त्यांचा उन्हाळ्यातला एक कल्चर रिपोर्ट डॉक्टरांनी मला नाव झाकून दाखवला. डावीकडे औषधांची नावे, उजवीकडे एकेक अक्षर. आर म्हणजे जंतू दाद देत नाही, एस म्हणजे देतो. वरून खाली वाचत गेले तर आर, आर, आर, आर, मध्ये एखादा एस वाटावा तर तोही छपाईचा डाग. अगदी तळाशी दोन एस होते आणि दोन्ही औषधे फक्त शिरेतून द्यायची. रुग्णालयाच्या तीन वाऱ्या, प्रत्येक वारीत नवे प्रतिजैविक, आणि मध्ये मध्ये लघवी गढूळ दिसली म्हणून दिलेल्या गोळ्या, अशी ती शिडी आजोबा चढत गेले होते. या जंतूंना खोलीची भिंत नसते. न्हाणीघर सामाईक, तांब्या सामाईक, आधाराला धरायचे हात तेच. सिस्टर प्रत्येक पिशवी रिकामी केल्यावर कोपरापर्यंत हात धुतात, तो साबणाचा आवाज दालनभर ऐकू येतो. आत्याला उगीच दिलेल्या गोळीचा हिशेब आत्याच्या खाटेवर संपत नाही, हे मला तो साबण ऐकताना उमगले. कोणी भाषण देऊन समजले नसते.

याच सिस्टरांनी गेल्या महिन्यात दुसऱ्या एका आजोबांच्या बाबतीत रात्री दोन वाजता अजिबात वाट पाहिली नव्हती, हेही सांगायला हवे. थंडीने दात वाजत होते, ताप १०२.६, श्वास मोजला तर मिनिटाला तीस. डॉक्टरांना उठवले, त्यांनी फोनवर सांगितलेले पहिले इंजेक्शन तिथेच दिले, आणि रुग्णवाहिका बोलावून त्यांना रुग्णालयात पाठवले. न्यूमोनिया होता. दहा दिवसांनी ते परत आले आणि पेजेत मीठ कमी आहे अशी तक्रार त्यांनी केली. कोकणात प्रतिजैविकांविषयी तुच्छतेने बोलणे कोणालाही परवडणारे नाही. भातलावणीच्या चिखलात लेप्टोच्या तापाने गाठलेला माणूस वेळेवर पेनिसिलिन किंवा डॉक्सीसायक्लिन मिळाले म्हणून घरी परत येतो, हे इथे घरोघर माहीत आहे. त्या औषधांनी त्या दिवशी चालावे म्हणून तर बाकीच्या दिवशी ती कपाटात राहायला हवीत.

दुपारी आत्या झोपली तेव्हा सिस्टरांनी कपाटातून एक पट्टी काढून माझ्या हातात ठेवली. सर्दीच्या गोळ्या होत्या. क्लोरफेनिरामिन असलेल्या, दहांपैकी सात संपलेल्या. आत्याच्या बटव्यात, सुपारीच्या खाली सापडल्या. ‘कुठून आल्या, ते आजी सांगत नाहीत,’ सिस्टर म्हणाल्या. मला ठाऊक होते कुठून आल्या. ज्येष्ठाच्या शेवटी चुलतभाऊ गावी निघाला होता. त्याच्याबरोबर मी खोबऱ्याच्या वड्या, दोन परकर आणि ही पट्टी पाठवली होती, पावसात तिला सर्दी होते म्हणून. असल्या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसाला गुंगी येते, तोंड सुकते, पोट बांधते, लघवी तुंबते आणि भ्रमही होतो. वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांच्या यादीत त्यांचे नाव आहे. डॉक्टर म्हणाले, हेच कारण असेल असे नाही. पाणी कमी होते, तीन दिवस पोट साफ नव्हते, त्यात ही गोळी. तिन्हींनी मिळून केले असेल. ते सौजन्याने बोलत होते. हिंगाचा डबा मीच टपालाने चालवत होते, असे मला वाटले, आणि त्याचे हसूही आले.

निघण्याआधी मी सिस्टरांकडे त्या रात्रीची वही मागितली. त्यांनी जरा का-कू केली, मग दिली. निळ्या शाईतले, शाळेत गिरवलेले असावे तसे गोल अक्षर. साडेदहाला ताप ९७.८, नाडी ८४, जळजळ नाही, पोट फुगलेले. डॉक्टरांना फोन, गोळी नाही. पुढे मध्यरात्र ओलांडून नोंदी जात होत्या: पाऊण वाजता भांडे दिले, लघवी झाली, रंग चहासारखा. दीड वाजता लाइट गेली, कंदील लावला, आजी घाबरल्या, जवळ बसले. अडीचला एनिमा, पोट साफ झाले. तीनला पाणी. चारला पाणी, लघवी, रंग थोडा फिका. चार चाळीसला झोप. सव्वासहाला ताप ९८, हाक मारल्यावर ओळखतात, पुन्हा झोपल्या. सातला चहा मागितला, साखर नको म्हणाल्या. लाइट गेली तेव्हा मी ठाण्यात पंख्याकडे बघत होते, हे मी मनाशी मोजून पाहिले.

मग मी पान वर सरकवत मागे गेले, कारण एक ओळ मी डोळ्यांनी ओलांडून गेले होते. ११.१५, भाचीला फोन. रागावल्या. तिच्या खाली, तशाच गोल अक्षरात: ११.२०, पाणी अर्धा पेला. घेईनात. गंगेचे आहे म्हटले, मग प्यायल्या.